उशीपाशी ठेवलेला फोन

हे घडलंय. माझ्या घरात घडलंय आणि माझ्या कानांनी मी ऐकलंय. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं.

आधीच सांगते, मी घाबरट बाई नाही. नवऱ्याला घराबाहेर काढताना घाबरले नाही, तर भुताला काय घाबरणार? आणि भूत तरी कसं म्हणू?

ती माझी आई होती.

लोक म्हणतात, असल्या गोष्टी रात्री घडतात. आमच्या घरात रात्री कधीच काही झालं नाही. जे झालं ते भर दुपारी. जुन्या फेझ शहरात, तांबटांच्या सफ्फारीन चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. अंजिरं पिकायचे दिवस. दुपारची नमाज होऊन गेलेली, पुढच्या अजानला अवकाश. गल्लीतलं मांजरसुद्धा सावलीतून हलत नाही, ती वेळ.

आजही त्या वेळेला माझा हात सुईवर टिकत नाही.

मी बतूल. कफ्तानाला लागणारी रेशमी बटणं वळते. माझे वडील तय्यब, चौकातले तांबट. सगळे त्यांना मअल्लम म्हणायचे. ज्याच्या हाताला मान आहे अशा उस्तादालाच आमच्याकडे ही हाक मिळते. मिसरूड फुटायच्या आधी त्यांनी हातोडा धरला आणि जन्मभर पराती न् हंडे मठारले. त्यात कान गेले. तांबटाचे जातातच.

"आधी बारीक आवाज जातात, मग बायकोचा जातो. अल्लाची मेहरबानी," असं सांगून ते चौकात हशा मिळवायचे.

आई म्हणायची, "हसा. मी मेल्यावर कळेल काय ऐकायचं राहिलं ते."

तिची हाक त्यांना पोचायची नाही, म्हणून तिने स्वतःची युक्ती काढली होती. जेवायला बोलवायचं झालं की ती जवळ यायची आणि बा ठोकत असलेल्या परातीवर तळहात ठेवायची. तांब्याचा नाद लांबत जातो, हळूहळू विरतो. हात ठेवला की मात्र मधेच तुटतो. बांना ते तुटणं कानांनी कळायचं नाही, पण बोटांना कळायचं. मग ते वर बघायचे.

"काय गं तामू?"

"भाकरी गार होतेय," ती ओठ मोठे करून म्हणायची.

कानाचं मशीन लावायला बा तयार नव्हते. "मशीन म्हाताऱ्यांना लागतं. मी कुठे बहिरा आहे? तुम्हीच सगळ्या तोंडातल्या तोंडात बोलता!"

मग एकदा परदेशात असणारा माझा भाऊ मुन्सिफ लिऑनहून सुट्टीला आला आणि ते पांढरे इअरबड्स घेऊन आला. गाणी ऐकायचे असतात ते. चौकातल्या पोरांच्या, पर्यटकांना फिरवणाऱ्या वाटाड्यांच्या कानांत असतात तसलेच. त्याने फोनवरच बांच्या कानांची परीक्षा घेतली. बारीक टुंई वाजली की बोट दाबायचं. बांचं बोट बराच वेळ हललंच नाही. मग मुन्सिफने फोनमध्ये काहीतरी खटपट केली आणि बड्स त्यांच्या कानांत बसवले.

मशीनची लाज वाटणारा माणूस आरशासमोर मान वाकडी करून बघायला लागला.

"बघ तामू, वाटाड्या दिसतो की नाही?"

"माकड दिसता," आई नेहमीसारखी पुटपुटली.

बा गर्रकन वळले.

"माकड म्हणालीस?"

आई डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघायला लागली.

"माकड म्हणालीस ना?" त्यांचे डोळे भरून आले. "अगं... तुझा आवाज म्हातारा झाला की गं."

आईने पायातली चप्पल फेकून मारली. मग ओढणी तोंडाला लावून रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कांदा चिरायला घेतला.

ते सुख फार टिकलं नाही. हिवाळ्यात आईची छाती भरली आणि ती अंथरुणाला खिळली. आवाज पार बसला. बांनी चौकातलं दुकान बंद केलं आणि ऐरण घराच्या मधल्या अंगणात आणून ठेवली. आई वरच्या खोलीत, बा खाली.

मुन्सिफने फोनवरून अजून एक सोय शिकवली. माझा जुना फोन आईच्या उशीपाशी ठेवायचा आणि बड्स बांच्या कानांत. फोन जे ऐकेल ते थेट बांना ऐकू येणार.

"पाणी," ती वर कुजबुजायची. बा जिन्यावर.

"पाठ दुखते." बा जिन्यावर.

"सुटले एकदाची तर बरं." बा खालूनच ओरडायचे, "ऐकू आलं हं!"

एकच अडचण होती. बड्स घालून मठारता येईना. ठोका कानात सुईसारखा शिरायचा. म्हणून बा काम करताना बड्स काढून बशीत ठेवायचे, थोडं ठोकायचे, पुन्हा घालून ऐकायचे, पुन्हा काढायचे.

आई मला म्हणायची, "सांग त्यांना, एवढी काढघाल कशाला? हातोडा चालू असला की मला काही नको. थांबला की मात्र जीव घाबरा होतो."

तिचं बरोबरच होतं. आमच्यात तांबटाच्या घरचं कुणी गेलं की जनाजा चौकातून जाताना सगळे हातोडे थांबतात. जनाजा कोपऱ्यावरून वळेपर्यंत एकही ठोका पडत नाही. तांबटांच्या बायका घरात बसून जन्मभर तेच ऐकतात. ठोके चालू, म्हणजे आपली माणसं धडधाकट. थांबले, की हातातलं टाकून दारात. आणि प्रत्येकीला आपल्या माणसाचा हात ओळखू येतो. बांचा हात म्हणजे दोन जड, एक हलका, मग जरासा दम. सगळा चौक ठोकत असला तरी आई त्यातून तो वेचून काढायची.

ती गेली त्या दुपारी बा लग्नाच्या परातीवर बसले होते. मी बटणं पोचवायला गेले होते. परत येताना गल्लीच्या तोंडापासूनच त्यांचा हात ऐकू आला. दोन जड, एक हलका.

बड्स बशीत होते.

मी वर गेले. आई जिन्याकडे कूस करून पडली होती. अंगात अजून ऊब होती.

चौक तिच्यासाठी थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. बा काही सुरू झाले नाहीत. परात अर्धीच ठेवून त्यांनी हातोडा ऐरणीवर आडवा टाकला आणि तिकडे पाठ केली. त्यांचा एकच प्रश्न असायचा. जेवताना तोच, शुक्रवारी कबरीवर पाणी शिंपताना तोच.

"तिने हाक मारली असेल का गं?"

"नाही बा."

"तुला काय माहीत? तू नव्हतीस. मी होतो. मी होतो आणि माझे कान बशीत होते."



वरचं अंथरूण ते गुंडाळू देईनात. फोनही तिथेच, उशीपाशी, चार्जरला लावलेला. दुपारी बड्स घालून ते अंगणात भिंतीला टेकून बसायचे. मला वाटलं, बसू दे. रिकामी खोली ऐकून कुणाचं काय बिघडतंय?

मग एका दुपारी...

मी बटण वळत होते. बा एकदम ताठ झाले. हात वर करून त्यांनी मला गप्प केलं.

"ती खोकली."

"बा, पलीकडची शेजारीण लल्ला हनिया खोकली असेल. भिंत एकच आहे."

"ज्या खोकल्यापायी जिने चढून गुडघे झिजवले, तो खोकला मला कळत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना कूस बदलल्याचा आवाज आला. नंतर बांगड्यांची किणकिण.

आईच्या बांगड्या माझ्या कपाटात होत्या. कुलपात.

मी मुन्सिफला फोन लावला. "काय रे, हा फोन जुने आवाज साठवून ठेवतो का?"

"नाही गं ताई. तो नुसता पाठवतो. आत्ता तिथे जे वाजतंय तेवढंच."

"आत्ताचंच?"

"आत्ताचंच. का गं? बा काय म्हणतायत?"

"काही नाही," म्हटलं. लेकराला परमुलखात घोर कशाला?

पण माझ्या डोक्यातून ते 'आत्ताचंच' जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः वरच्या खोलीत जाऊन बसले. दार उघडं, खिडकी उघडी, लख्ख ऊन. खोलीत अंथरूण होतं. उशीला तिच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता. बाकी काही नव्हतं. मी श्वास धरून कान दिला.

काहीच नाही.

काहीच नाही...

खालून बा ओरडले. बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात.

"बतूल! श्वास का धरलास?"

मी घाबरून सोडला.

"हां... आता दोघींचा येतोय!"

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही.

म्हटलं, "एक मला द्या." एक बड त्यांच्या कानात, एक माझ्या. बांच्या कानांसाठी वाढवलेला आवाज, त्यामुळे माझं डोकं भणाणलं. आधी नुसती सूं सूं. मग खिडकीबाहेरच्या चिमण्या. मग...

श्वास. ओला, छातीत अडकत येणारा. त्या श्वासाच्या उशाशी मी सगळा हिवाळा काढला होता.

मग ती बोलली.

"अहो..."

बांनी माझं मनगट धरलं.

"अहो... हातोडा का थांबलाय?"

आम्ही दोघं हललो नाही.

"बतूल... ए बतूल, खाली जाऊन बघ गं. कधीचा थांबलाय. त्यांना काही झालं नाही ना, बघ."

मला रडू फुटलं, कारण मला सगळं कळलं. आपण गेलो हे तिला माहीतच नव्हतं. हातोडा थांबला म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच तिला ठाऊक. आणि खाली हातोडा धरणारं माणूस एकच होतं. तिला वाटत होतं, बा गेले. किती दिवस ती वर पडून अशी तळमळत होती, देव जाणे.

"तामू! अगं मी आहे! इथे आहे मी!" बा ओरडत जिना चढले. म्हातारा माणूस, धापा टाकत खोलीत गेला. त्यांचं ओरडणं माझ्या कानात फाटून येत होतं. आणि त्याच्या अगदी शेजारून तिचा आवाज येत होता...

"कुणीतरी बघा रे... कुणीतरी बघा..."

तिला ऐकू येत नव्हतं.

इतकी वर्षं ती बोलायची आणि त्यांना ऐकू यायचं नाही. आता ते ओरडत होते आणि ती बहिरी झाली होती. याहून मोठी थट्टा नशिबाने कुणाची केली नसेल.

बा खाली आले. चेहरा पांढराफटक. कानातला बड काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"दोन्ही घाल. ऐक आणि मला सांग."

ते ऐरणीसमोर बसले. अर्धी परात पुढे ओढली. हातोडा उचलला.

दोन जड, एक हलका.

माझ्या कानात सुया टोचत होत्या. पण त्या ठोक्यांच्या मधे मधे मला तिचा श्वास ऐकू येत होता. हळूहळू तो सैल झाला. छातीतली घरघर कमी झाली. मग ती पुटपुटली.

"मेलं माकड... केवढं घाबरवलं मला."

मी ते बांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. ते हसले, रडले, पण हात थांबवला नाही.

"म्हणजे त्या दिवशी तिने हाक मारली नाही," ते म्हणाले. "हातोडा चालू होता ना. चालू होता तोवर तिला काही नको होतं."

"हो बा," मी म्हटलं. या वेळी मलाही ते खरं वाटत होतं.

मग रोज दुपारी तेच. लग्नाची परात पुरी झाली, मग दुसऱ्या आल्या. गल्लीतले म्हणायचे, मअल्लम सावरले. मी एकदा म्हटलं, कुणा जाणत्याकडून वर दुवा पढून घेऊया का? बा चिडले. "कशाला? ती काय परकी आहे? घरात माणूस आहे, त्याला काम ऐकू येतंय, झालं!"

मी वाद घातला नाही. खरं सांगू? मलाही ते हवं होतं. आई वर पडलेली, बा खाली ठोकतायत, मी मधे बटणं वळतेय... घर भरल्यासारखं वाटायचं.

या हिवाळ्यात बा गेले. झोपेतच. पहाटेच्या नमाजेला उठले नाहीत.

चौक त्यांच्यासाठी थांबला. एरवी कुणाच्या जनाज्यात ते स्वतः पहिला हातोडा खाली ठेवायचे. मी दारातून ती शांतता ऐकली आणि मनाशी म्हटलं, चला, आता भेटले असतील दोघं. तेवढाच आधार होता.

मुन्सिफ आला, मातीचं सगळं नीट पार पाडलं, परत गेला. घर रिकामं झालं. मी आणि बांची अर्धी राहिलेली शेवटची परात.

आणि बशीतले बड्स.

त्या दुपारी मला ते घालायचे नव्हते. खरंच नव्हते. पण नजर सारखी बशीकडे जात होती. शेवटी घातले.

सूं सूं.

चिमण्या.

"अहो..."

मी बड कानात आणखी दाबला.

"अहो... हातोडा का थांबलाय?"

भेटले नव्हते ते. कुठे गेले होते बा? ती अजून वर, उशीवर डोकं ठेवून, जिन्याकडे कान लावून पडली होती.

"बतूल, बघ गं खाली..."

काय करणार मी? ऐरणीसमोर बसले. बांचा हातोडा उचलला. जन्मभर ऐकलेला ताल. दोन जड, एक हलका, मग जरासा दम. मनगट दुखत होतं, पण ताल चुकला नाही. मी ठोकत राहिले. तिचा श्वास सैल व्हायला लागला.

मग तो थांबला.

"हा त्यांचा हात नाही."

माझा हातोडा हवेतच राहिला.

"कोण बसलंय खाली?"

"आई, मी आहे गं... बतूल..." ऐकू येणार नाही हे माहीत असून मी बोलले.

मग ती बोलली. विचारलं नाही, स्वतःशीच बोलली.

"म्हणजे गेले."

आणि ती रडली. मोठ्याने नाही, हुंदके गिळत. माझी आई त्यांच्यासाठी रडत होती आणि मला तिच्या पाठीवरून हात फिरवता येत नव्हता. मी अंगणात बसून नुसती ऐकत होते.

रडणं थांबलं. मग...

पांघरूण सरकलं.

असं आधी कधी झालं नव्हतं. ती कधी उठली नव्हती.

पाय जमिनीला टेकले. दाराची कडी वाजली. मग जिन्याची पायरी. मग दुसरी...

आता नीट ऐका. फोन वर होता, उशीपाशी. म्हणून ती जसजशी खाली येत होती, तसतसा तिच्या पावलांचा आवाज माझ्या कानात बारीक होत होता. ती जवळ येत होती आणि मला कमी ऐकू येत होतं. मी जिन्याकडे तोंड करून बसले होते. पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. एकेक पायरी स्वच्छ दिसत होती. रिकामी.

पाऊल...

पाऊल...

मग इतकं बारीक, की पाऊल की माझा भास, ते कळेना.

मग काहीच नाही.

माझ्या हातातला हातोडा सुटला आणि परातीवर पडला. घण्ण झालं. सगळं अंगण त्या नादाने भरलं. तो लांबायला लागला...

आणि मधेच तुटला.

मी परातीला हात लावला नव्हता. माझे दोन्ही हात माझ्या तोंडावर होते.

त्यानंतर बड्समध्ये ती कधी आली नाही. आता फक्त चिमण्या ऐकू येतात. खोली खरोखर रिकामी आहे, हे मला इथे खाली बसून कळतं. जिना उतरून ती कुठे गेली, चौकातून पुढे बांना शोधत गेली का, तिला ते सापडले का, हे मला कोण सांगणार? मुन्सिफ म्हणतो, घर विक आणि लिऑनला ये. मी काहीतरी कारण काढते.

ती अर्धी परात मी ऐरणीवर तशीच ठेवली आहे. रोज दुपारी तिच्यावर एक ठोका मारते आणि नाद पुरता विरेपर्यंत ऐकत बसते.

अजून तरी रोज पुरता विरतो. तो मधेच तुटावा असं मला वाटतं की तुटू नये असं, ते माझं मलाच कळत नाही.